कोपरापर्यंत मठ्ठा

गेणूच्या पोटाची ख्याती अख्ख्या नाणे मावळात होती आणि ती त्याने स्वतःच पसरवली होती. लोखंडाचा खिळा गिळला तरी संध्याकाळपर्यंत त्याचा भुगा होईल, असं तो सांगायचा. गिळून दाखव, असं कुणी कधी म्हटलं नाही, त्यामुळे ख्याती टिकून राहिली. तरणा असताना वलवणला मजुरीवर होता, तेव्हा मुदतीचा ताप आला होता. त्या तापात डोक्यावरचे केस गेले ते पुरते परत आलेच नाहीत. पण त्यानंतर पोट दुखलं म्हणून त्याने एकदाही अंथरूण धरलं नव्हतं.

त्याची बायको नंदाबाई मात्र खरोखरच्या गुणासाठी प्रसिद्ध होती. वडिवळे धरणाच्या खालच्या अंगाला त्यांचं गाव. तिथून भाजे गावापर्यंत कुणाकडे साखरपुडा असो, वास्तुशांत असो, नाहीतर दहावा असो, चुलाणावर नंदाबाई हवी. तिची आमटी खाऊन दहाव्याला आलेली माणसंसुद्धा चेहरा दुःखी ठेवायला विसरायची. ती निघाली की मागून गेणू निघायचा, खांद्यावर तिचा लांब दांड्याचा डाव घेऊन. लोकांना वाटायचं, नवरा हमाली करतो. तसं नव्हतं. त्याचं स्वतःचं एक खातं होतं: मठ्ठा.

मठ्ठ्याबद्दल गेणूची मतं ठाम होती. रवीने होतं ते ताक, डावाने होतं ते पांढरं पाणी. मठ्ठा हातालाच कळतो. मग तो बाही वर सारायचा, तांब्यातल्या पाण्याने हात धुवायचा, म्हणजे ओला करायचा, आणि टोपात कोपरापर्यंत घालायचा. मीठ, साखर, आलं, कोथिंबीर, सगळं बोटांच्या हिशोबाने. बघायला माणसं जमायची. एकेकाला वाटीत चव द्यायचा आणि विचारायचा, "हाताची चव लागली का न्हाई?" लोक म्हणायचे, लागली.

लागलीच होती, पण ते नंतर कळलं.

अंबाजीने भाज्यात नवं घर बांधलं, त्याची वास्तुशांत झाली आणि आठ-पंधरा दिवसांत जेवून गेलेल्यांपैकी कितीतरी जण तापाने फणफणले. लोक म्हणाले, हवा बदलली. मग मळवलीत एका साखरपुड्यानंतर तेच झालं. तेव्हा हवेवर ढकलणं जरा अवघड गेलं, कारण शेजारच्या ज्या आळीला आमंत्रण नव्हतं, तिथली हवा ठणठणीत होती.

उपकेंद्राची नर्स सुषमा चौकशीला आली. ती ठाकरवाडीचीच पोर, शिकून नर्स झालेली. गावात तिला सिस्टर म्हणायचे आणि मागच्या दाराने औषध मागायचे. ती गेणूच्या ओट्यावर बसली आणि तिने विचारलं, "दोन्हीकडं सैपाक कुणी केला?"

"नंदाबाईनं," ओट्यावर जमलेले सगळे एकदम म्हणाले. आजवर हेच नाव आदराने घेतलं जायचं, ते आता बोट दाखवल्यासारखं आलं.

"आनखी कोन?"

"पुऱ्या लाटायला बाया हुत्या, पर त्या दोन्हीकडं येगयेगळ्या."

"आबा, तुमी?"

गेणूला हसू आलं. "मी बाप्या मानूस. मी कुटं सैपाक करतो? ताक ढवळायचं म्हंजी काय सैपाक हाय व्हय?"

सगळ्यांना पटलं. सुषमालाही पटलं. सैपाक बाई करते आणि पुरुष असतो तो नुसता मदतीला, याबद्दल नाणे मावळात दुमत नव्हतं.

"मावशी," सुषमा नंदाबाईला म्हणाली, "तुमची तपासणी करावी लागंल. संडासाची."

"मला काय धाड भरलीया? मी आजारी न्हाई."

"तुमी आजारी न्हाई, ह्योच तर घोळ हाय." आणि तिने समजावून सांगितलं. पोटात जंतू असतातच. सबंध तालुक्यात माणसं नसतील इतके एकेकाच्या आतड्यात असतात. बहुतेक कामाचे. अन्न पचवतात, वाईटांना बसायला जागा देत नाहीत. पण एखादा टायफॉइडचा, म्हणजे मुदतीच्या तापाचा, आत शिरतो. ताप येतो, जातो, माणूस बरा होतो, आणि हा मात्र पित्ताच्या पिशवीत घर करून बसतो. मालकाला वर्षानुवर्षं काही करत नाही. "संडासावाटं भाईर पडतो, हाताला लागतो, आन हातावरनं दुसऱ्याच्या ताटात."

"म्हंजी," गेणू म्हणाला, "ल्होनावळ्याला शनवारी पाव्हना आला, बंगला भाड्यानं घेतला, आन रविवारी परत गेलाच न्हाई."

ओटा हसला. सुषमाही हसली. "तसंच आबा. आन कचरा टाकतो शेजाऱ्याच्या दारात."

नंदाबाई हसली नाही. ती डावाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नमुन्याची डबी गेणूच्या हातात दिली. डबी वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र प्लास्टिकमध्ये आणि ते सगळं लोणावळ्याच्या चिक्कीच्या पिशवीत, म्हणजे वाटेत कुणी विचारलंच तर शोभेल असं. "मला न्यायची लाज वाटती," ती म्हणाली. "तुमी द्या. आन कुनाशी बोलत बसू नगा."

गेणू निघाला. वाटेत त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. नंदाबाईचं पोट तसं नाजूक. तिला सीताफळ सोसत नाही, शिळं सोसत नाही. या पोटाचा भरवसा काय? उद्या तिच्यात तो पाहुणा निघाला, तर तिच्या हाताखालचं चुलाण गेलं. तिचं चुलाण गेलं म्हणजे तिचं सगळंच गेलं. घरात ती कमी बोलायची, पण चुलाणापाशी उभी राहिली की सरपंचालाही 'लाकडं आण रं' म्हणायची. आणि इकडे आपलं पोट. खिळ्याचा भुगा करणारं.

करवंदीच्या जाळीपाशी तो थांबला. मागेपुढे बघितलं. डबी रिकामी केली, ओढ्याच्या पाण्याने खळबळून घेतली आणि जाळीमागे बसून आपल्या पोटाने ती भरली. हे काम सांगितल्या वेळी होणं कुणालाही सोपं नसतं, पण गेणूचं पोट हाकेला ओ देणारं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोसाठी आपण काही केलं असेल तर ते हे, असं त्याला वाटलं आणि जरा भरून आलं. येताना त्याने मूठभर करवंदं तोडली. नंदाबाईने ती खाल्ली.

काही दिवसांनी सुषमा पुन्हा ओट्यावर आली. या वेळी बसली नाही.

"मावशी, तुमच्यात निघाला."

नंदाबाई जागच्या जागी खाली बसली. गेणूच्या हातात चहाचा कप होता, तो त्याने हळूच खाली ठेवला. फार काळजीपूर्वक ठेवला.

"लॅब चुकली आसंल," तो म्हणाला.

"न्हाई आबा. लॅबवाल्यांनी पुन्ना बघितलंय. टायफॉइडचाच हाय." मग ती नंदाबाईजवळ उकिडवी बसली. "मावशी, यात तुमचा काय गुन्हा न्हाई. गोळ्यांचा मोठा कोर्स हाय, पुरा करायचा, येकबी गोळी चुकवायची न्हाई. मंग परत तपासायचं, येकदा न्हाई, लय येळा. तोवर दुसऱ्यासाठी रांधायचं न्हाई."

तेव्हा बोलायला हवं होतं. गेणूने तोंड उघडलंही, पण समोर एवढी माणसं, आणि सांगायचं काय? जाळीमागे बसलो म्हणून? त्याने तोंड मिटलं. एकदा मिटलेलं तोंड उघडायला पुढे रोज जास्त जोर लागतो, हे त्याला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

नंदाबाईने डाव स्वतःच खुंटीला अडकवला. साबणाने हात धुवून धुवून तिच्या बोटांना भेगा पडल्या. शेजारणीने पोरांना तिच्या ओट्यावर यायची बंदी केली, तर ती म्हणाली, "बरं केलंस बाई." गावात ती दिसली की बाया बोलायच्या थांबायच्या आणि मग एकदम मोठ्याने पावसापाण्याचं बोलायच्या. ज्यांनी तिची आमटी ओरपली होती, ते आता सांगायचे की आपल्याला तेव्हाच चव वेगळी लागली होती.

सगळ्यात वाईट म्हणजे तिने घरातही रांधायचं सोडलं. "माज्या हातचं तुमाला नगं," ती गेणूला म्हणाली. "तुमच्या पोटात काय गेलं तर? तुमीच टाका भाकरी. दोघांची." आणि ज्याने जन्मात चूल फुंकली नव्हती तो गेणू, ज्याच्या पोटात तो पाहुणा बंगला भाड्याने घेऊन बसला होता, तो बायकोच्या जिवाची काळजी करत तिच्यासाठी भाकरी थापायला लागला. थापण्याआधी साबणाने हात इतके घासायचा की नंदाबाईला वाटायचं, माझा किती विटाळ मानतो हा माणूस. ती काही बोलायची नाही. तोही बोलायचा नाही. भाकरी करपायची.

एका दुपारी ठाकरवाडीचा सावळा आला. सावळा आणि त्याची बायको चिंगी दोघं समारंभांना मजुरीवर यायची. तो टोप उचलायचा, ती भांडी घासायची. अंबाजीच्या वास्तुशांतीनंतर चिंगीला ताप आला. कामशेतच्या एका डॉक्टरने सलाइन लावलं, दुसऱ्याने इंजेक्शन दिलं, ताप चढत गेला आणि शेवटी आतड्याला भोक पडलं. पुण्याला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं.

सावळा ओट्याखालीच उभा राहिला. तो भांडायला आलेला नव्हता. तसं असतं तर बरं झालं असतं.

"पोटाला पिशवी लावलीया," तो म्हणाला. "संडास पिशवीत येतो. नाव घेतलं की डोळं उघाडती."

नंदाबाई खाली उतरली आणि तिने सावळ्याच्या पायाला हात लावला. आपल्यापेक्षा वयाने लहान, त्यातून ठाकराच्या माणसाच्या. सावळा दचकून मागे सरला. "मावशी, आवं काय करताय?"

"माज्यामुळं झालं रं."

"तेच मला कळंना," सावळा म्हणाला. "त्या दिशी चिंगी जेवलीच न्हाई. भांडी लय हुती. तुमच्या हातचं कायबी तिच्या पोटात गेलं न्हाई. आबांनी उरल्याला मठ्ठा किटलीत दिला, तेवढा घरला आनला. दिवसभर उनात बसल्याला, आंबट झाला हुता, पर तिला लय आवडायचा. मला ताक सोसत न्हाई, म्हून येकटीनंच पेला."

गेणूला ती किटली आठवली. चिंगी नको नको म्हणत होती, त्याने आग्रह केला होता. 'घे गं, हाताची चव हाय.'

नंदाबाई म्हणाली, "आमटीचा हात कुटंतरी लागला आसंल." आणि सावळा खालमानेने निघून गेला. गेणू ओट्यावर तसाच बसून राहिला. आमटी उकळते. मठ्ठा उकळत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला लॅबची गरज नव्हती.

त्या दिवसापासून तो नंदाबाईच्या गोळ्या खायला लागला. चोरून. त्याचा हिशोब असा की रोग आपल्यात आहे, औषध तिच्यात चाललंय. निदान थोडं तरी योग्य जागी जावं. कधी एक घ्यायचा, कधी दोन, कधी ती जवळ असली की एकही नाही. अर्धंमुर्धं औषध खाल्लं की जंतू मरत नाही, उलट निबर होतो आणि पुढे त्या औषधालाच दाद देत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणारी सुषमा होती, पण तिला विचारायचं म्हणजे बाकीचंही सांगायचं.

गोळ्या चोरणाऱ्याने एवढं लक्षात ठेवायला हवं की आयुष्यभर मिठाचा दाणाही अंदाजाने न टाकणाऱ्या बाईच्या घरात त्या चोरायच्या नसतात. नंदाबाईने एक दिवस रिकामं पाकीट हातात घेतलं आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"लवकर संपल्या."

"उंदरानं नेल्या आसतील."

"उंदराला टायफाड झालाय?"

गेणूने विनोद करून बघितला, "आजकाल कायबी हुतंय," पण तो त्यालाच जमला नाही. आणि मग त्याने सगळं सांगितलं. करवंदीची जाळी, डबी, ओढा, सगळं. तो थांबल्यावर तिने एवढंच विचारलं:

"करवंदं त्याच हातानं तोडली हुती?"

गेणूने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"माझं पोट वाईट निगंल आसं वाटलं तुमाला," ती म्हणाली. "मला ईचारलं न्हाई. सावळ्याच्या पायाला मी हात लावला तवा तुमी हितंच बसला हुता. बसून बघितलं." ती रडली नाही. चुलीपुढे गेली, करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि म्हणाली, "निवृत्तीच्या पोरीचं लगीन हाय. तुमाला मठ्ठ्याला बोलावलंया न्हवं? तितं सांगा."

"सुषमीला सांगतो की. उपकेंद्रात जाऊन."

"माझं नाव चारचौघांत गेलं. तुमचं कानात सांगून भागायचं न्हाई."

निवृत्ती म्हणजे गावचा सरपंच. नंदाबाईवर बंदी आली म्हणून त्याने लोणावळ्याचा केटरर ठरवला होता, पण मठ्ठा गेणूच्याच हातचा हवा, असा त्याचा हट्ट होता. टायफॉइडला घाबरून त्याने बायको टाळली आणि नवरा बोलावला. सावधगिरीची ही तऱ्हा गावात कुणालाच खटकली नाही.

मांडव भरला. जिलबीची ताटं गेली. टोपात दही घुसळून तयार होतं, आलं-कोथिंबीर वर तरंगत होती. नेहमीची माणसं भोवती जमली. गेणूने बाही वर सारली नाही.

"भाऊ, घाला हात," निवृत्ती म्हणाला. "पाव्हनं बसल्यात."

"ह्यो हात घालायचा न्हाई," गेणू म्हणाला. "भाज्याला मी ह्योच घातला हुता. तिकडं मळवलीला बी. ताप माज्यामुळं आला. नंदीमुळं न्हाई."

कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचा बायकूवर जीव हाय बाबा!" मांडव हसला.

"खरं सांगतोय! तिच्या डबीत मीच..." आणि तो सांगत गेला. करवंदीच्या जाळीपाशी आल्यावर माणसं पोट धरून खाली बसली. ओढ्याच्या पाण्याने डबी खळबळली, तिथे एकाला ठसका लागला. दोघातिघांनी मोबाइल काढले. गेणूने जन्मभर थापा मारल्या होत्या आणि त्या सगळ्यांनी खऱ्या मानल्या होत्या. आज तो खरं बोलत होता आणि इतकी झकास थाप त्याने आधी कधी मारली नव्हती, असं सगळ्यांचं मत पडलं.

"बरं, बरं," निवृत्ती डोळे पुसत म्हणाला, "पुरं आता भाऊ," आणि लाडाने त्याने गेणूचं कोपर धरलं, बाही वर सारली आणि हात टोपाकडे दाबला. बोटं पांढऱ्यापासून वीतभर राहिली असतील.

तेवढ्यात दुसऱ्या एका हाताने गेणूचं मनगट पकडलं. पाण्याची कळशी खाली ठेवून सावळा पुढे आला होता.

"त्या दिशी घातला हुता?" त्याने विचारलं.

"व्हय."

"धुतला हुता?"

"वला केला हुता."

"किटलीतला मठ्ठा त्योच?"

"त्योच."

निवृत्ती कोपर दाबत होता, सावळा मनगट ओढून धरत होता आणि मधे टोपावर गेणूचा हात लटकत होता. हसणं कडेने विझत आलं. सावळ्याचा चेहरा बघून मोबाइल एकेक करून खिशात गेले. निवृत्तीने हळूच कोपर सोडलं आणि आपला हात धोतराला पुसला.

सावळ्याने मनगट लगेच सोडलं नाही. त्याची पकड आवळत गेली. हाडं दुखायला लागली, पण गेणूने हात सोडवून घेतला नाही. मग सावळ्याने तो बाजूला करून सोडून दिला, कळशी उचलली आणि तो पाणी द्यायला पंगतीत गेला. मजुरी पुरी व्हायची होती.

मठ्ठा केटररने डावाने ढवळला. चव नाही, असं सगळे म्हणाले आणि सगळ्यांनी दोन-दोन वाट्या घेतल्या. मांडवातून नंदाबाईला बोलवायला कुणी गेलं नाही. ज्यांनी तिचं नाव घेतलं होतं, त्यांना आता घाईने जेवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नंदाबाईने दोन डब्या आणून ठेवल्या. एक त्याची, एक तिची. दोन्हींवर नावं सुषमाकडून लिहून आणली होती. त्याची डबी भरेपर्यंत ती दाराबाहेर उभी राहिली. बोलावल्या वेळी येणारं पोट त्या दिवशी फार वेळ आलं नाही. मग दोन्ही डब्या तिने स्वतः उचलल्या, उघड्या हातात, पिशवीबिशवी काही न घेता, आणि भर रस्त्याने उपकेंद्राकडे चालू लागली. गेणू मागून. खांद्यावर काही नव्हतं.

सुषमाने सगळं ऐकून घेतलं. गोळ्यांचं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला. "आबा, आता ही गोळी तुमच्यावर चालंल का, ते बी बघावं लागंल. न्हाई चालली तर दुसरी. आन तरी न्हाई गेला तर पित्ताची पिशवी काढाय लागंल." मग तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "मी बी तुमाला इचारून सोडून दिलं. बाप्या म्हून."

परत येताना फाट्यावर सावळा एसटीची वाट बघत उभा होता. पुण्याला निघाला होता. नंदाबाई त्याच्यापाशी थांबली, चिंगीचं विचारलं. पिशवी अजून आहे, म्हणाला. ती कधी काढतील, डॉक्टर सांगत नाहीत.

गेणू दोन पावलं मागे उभा होता. त्याला माफी मागायची होती. वाटेत त्याने वाक्य जुळवलंही होतं, पण ते आता त्यालाच गंमत सांगितल्यासारखं वाटायला लागलं.

"सावळ्या," तो म्हणाला, "मी आलो तर चालंल का? चिंगीला बघाया?"

एसटी वळणावर दिसली. सावळ्याने गाठोडं उचललं. त्याने गेणूच्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं.

"या," तो म्हणाला. "पर येताना कायबी आनू नगा."